मॉरिशसचा ऊंस : मत मिळालें, मळा कोणाचा?

(ऊंस पिकविणाऱ्या व ऊंस तोडणाऱ्या लोकांच्या सभेंत केलेलें भाषण)



गळिताचा हंगाम जवळ आला म्हणजे आपल्याकडे दोनच विषय निघतात : उंसाचा भाव आणि तोडीची उचल. आज मी या दोहोंवरहि बोलणार नाहीं. समुद्रापलीकडच्या एका बेटाची हकीकत सांगणार आहें. तें बेट उंसावर उभें राहिलें, आपल्यासारख्याच लोकांच्या घामावर उभें राहिलें, आणि १९६८ सालीं तें स्वतंत्र झालें. राज्य हातीं आल्यावर कष्टकऱ्याच्या पदरांत काय पडतें व काय पडत नाहीं, हें तेथें जितकें स्वच्छ दिसतें तितकें आपल्या अवाढव्य देशांत दिसत नाहीं.

मॉरिशस म्हणजे पुणें जिल्ह्याच्या आठव्या हिश्श्याएवढें बेट. मूळचे रहिवासी तेथें कोणी नव्हतेच. सतराव्या शतकांत डचांनीं ऊंस आणला, पुढें फ्रेंचांनीं आफ्रिका व मादागास्कर येथून माणसें धरून आणून मळे वाढविले, आणि १८१० सालीं इंग्रजांनीं बेट जिंकलें. राज्य इंग्रजांचें झालें, पण जमीन आणि कारखाने फ्रेंच मळेवाल्यांकडेच राहिले. १८३५ च्या फेब्रुवारींत गुलामगिरी बंद झाली. साठ हजारांहून अधिक माणसें मोकळीं झालीं, आणि सरकारनें वीस लाख पौंडांहून अधिक नुकसानभरपाई मोजली. कोणाला? गुलामांच्या धन्याला! ज्याच्या पाठीवर कोरडे पडले त्याला एक पैहि नाहीं.

मग ऊंस तोडायचा कोणीं? २ नोव्हेंबर १८३४ रोजीं 'अॅटलास' नांवाच्या जहाजांतून हिंदुस्थानचे ३६ मजूर पोर्ट लुई बंदरांत उतरले, आणि पुढें सत्तर-ऐंशी वर्षांत सुमारें साडेचार लाख उतरले. बहुतेक बिहारकडचे, बरेच मद्रासकडचे, आणि मुंबई बंदरांतून गेलेले आपले कोंकणपट्टीचे लोकहि त्यांत होते. करार पांच वर्षांचा, महिना पांच रुपये आणि वर तांदूळ, डाळ, तेल, मीठ. टोळीवरच्या मुकादमाला तेथें 'सरदार' म्हणत. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापीत. आपल्यापैकीं ज्यांनीं कोयता धरला आहे त्यांना हा हिशेब परका वाटणार नाहीं. १८६७ च्या कायद्यानें तर करार संपलेल्या माणसालाहि फोटो लावलेला परवाना जवळ बाळगल्याशिवाय रस्त्यानें चालण्याची चोरी झाली. आडोल्फ द प्लेविट्झ नांवाचा एक गोरा मळेवाला या लोकांच्या बाजूनें उभा राहिला. त्यानें १८७१ सालीं ९,४०१ मजुरांच्या नांवांचा अर्ज सरकारकडे धाडला. त्याच्याच जातभाईंकडून त्याला मार खावा लागला, पण विलायतेहून चौकशीचें कमिशन आलें.

मालक गोरा म्हणून जुलूम होतो, असें कोणी म्हणेल. तर १९३७ सालची गोष्ट ऐका. लहान शेतकरी उबा नांवाचा ऊंस लावीत, त्याचा भाव कारखानदारांनीं कापला. शेतकरी व मजूर खवळले, मोर्चे निघाले. युनियन फ्लाक येथें गोळीबार होऊन चार माणसें ठार झालीं. तो मळा हिंदी वंशाच्या मालकाचा होता! १९४३ च्या सप्टेंबरांत बेल व्यू हारेल येथें संपकऱ्यांवर पुन्हां गोळ्या झाडल्या, त्यांत अंजले कुपेन नांवाची गरोदर बाई पडली. आज तेथील क्रीडांगणाला तिचें नांव आहे.

आतां मी मुख्य मुद्द्याकडे येतों. तोंवर मत होतें मालमत्तावाल्यांना, म्हणजे अकरा-बारा हजार लोकांना. १९४७ च्या घटनेनें ठरविलें कीं, बेटावर बोलल्या जाणाऱ्या कोणत्याहि भाषेंत ज्याला साधें लिहितां-वाचतां येईल त्याला मत. साहेबांना वाटलें असेल, अक्षरशत्रु मजूर कोठून येणार! पण गांवोगांव 'बैठका' होत्या. बैठका म्हणजे दिवसभर ऊंस तोडून आलेले लोक रात्रीं जेथें कंदिलाच्या उजेडांत अक्षरें गिरवीत अशा झोंपड्या. बासदेव बिसुनदयाल व त्यांचे स्वयंसेवक त्या बैठकांतून प्रौढ बायाबापड्यांना नांव लिहावयास शिकवीत होते. १९४८ च्या निवडणुकीला मतदार झाले बहात्तर हजारांच्या आसपास, आणि निवडून द्यावयाच्या १९ जागांपैकीं बहुतेक मजुरांच्या बाजूच्या लोकांकडे गेल्या. पाटीवरच्या अक्षरानें मळेवाल्याचें आसन हालविल्याचें इतकें स्पष्ट उदाहरण मला दुसरें माहीत नाहीं. बंदुकीनें जें १९३७ व १९४३ सालीं थोपविलें, तें पेन्सिलीनें चार-पांच वर्षांत घडविलें. सर्व प्रौढांना मत मिळण्यास मात्र १९५९ साल उजाडावें लागलें.

स्वातंत्र्य गोडीगुलाबीनें आलें नाहीं. १९६१ सालीं जेम्स मीड या इंग्रज अर्थपंडितानें अहवाल दिला : लोक वाढत आहेत, पीक एकच, काम नाहीं, या बेटाचें भवितव्य कठीण आहे. पुढें त्याला नोबेल पारितोषिक मिळालें, पण हें भाकीत कांहीं खरें झालें नाहीं. पंडितांचें असें अधूनमधून होतें. १९६७ च्या निवडणुकींत शेंकडा ४४ लोकांनीं स्वातंत्र्याविरुद्ध कौल दिला, कारण हिंदूंचें राज्य येईल ही इतरांना भीति होती. १९६८ च्या जानेवारींत राजधानींत दंगे झाले, ब्रिटिश फौज आणावी लागली, आणि दोन महिन्यांनीं, १२ मार्चला, झेंडा चढला. निघतां निघतां इंग्रजांनीं चागोस बेटें १९६५ सालींच तोडून घेतलीं होतीं, आणि तेथल्या गरिबांना मुळासकट उपटून मॉरिशसच्या धक्क्यावर आणून टाकलें, तें निराळेंच.

पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम हे मजुराचे पुत्र, विलायतेंत शिकलेले डॉक्टर. त्यांच्यापुढें प्रश्न होता : मळे काढून घ्यावयाचे कीं नाहीं? त्या वेळीं निर्यातीचे शंभरांतले नव्वदांहून अधिक रुपये साखरेचे होते. मळेवाला भांडवल घेऊन पळाला तर खजिना कोरडा. त्यांनीं सौदा केला. जमीन तुमची तुमच्यापाशीं, पण बाहेर जाणाऱ्या साखरेवर कर द्या. त्या तिजोरींतून दवाखाने फुकट चालले, आणि १९७७ पासून माध्यमिक शिक्षण फुकट झालें. १९७५ च्या लोमे करारानें युरोपनें वर्षाला सुमारें पांच लाख टन साखर ठरल्या, चढ्या भावानें घेण्याचें कबूल केलें.

हा सौदा बरा कीं वाईट? मी या प्रश्नावर पुष्कळ विचार केला आहे आणि माझें मन अजून दोहींकडे ओढतें. मजुराचीं पोरें शाळेंत गेलीं, डॉक्टर-वकील झालीं, देशांत रक्तपात झाला नाहीं, लष्करशाही आली नाहीं. आफ्रिकेंतल्या कित्येक नव्या राज्यांना हें साधलें नाहीं. पण ज्या घराण्यांनीं गुलामांची भरपाई खिशांत घातली त्यांच्याच वारसांकडे मोठी जमीन राहिली, आणि पुढें त्याच जमिनीवर हॉटेलें आणि बंगले उठले. १९९४ सालीं निर्यातकर उठला, तेव्हां बदल्यांत मजूर व लहान शेतकरी यांना एका ट्रस्टमार्फत कारखान्यांत शेंकडा वीस भाग मिळाले. एवढें तरी मिळालें तें संघटनेच्या जोरावर. आपल्याकडच्या सभासदांनीं हें ऐकून ठेवावें. आपण कागदोपत्रीं शंभर टक्के मालक आहों, आणि वजनकाट्यापाशीं उभें राहून मापाबद्दल विचारण्याची आपल्याला भीति वाटते!

कारखानदारीचीहि गोष्ट सांगतों. १९७० सालीं कायदा करून निर्यातीसाठीं कापडाच्या गिरण्यांना करमाफी दिली. साखरेचा भाव पडला, १९७९ व १९८१ सालीं रुपयाची किंमत उतरवावी लागली, बेकारी वाढली. लोक इतके चिडले कीं १९८२ च्या निवडणुकींत मतदारांनीं निवडावयाच्या साठच्या साठ जागा विरोधकांना दिल्या. त्यानंतरच्या पांच-सात वर्षांत गिरण्या धडधडूं लागल्या. त्या चालविल्या बायांनीं. उंसाच्या फडांतून मुली शिवणयंत्रावर गेल्या, स्वतःच्या हातीं पगार घेऊं लागल्या. पण त्यांच्या मजुरीचा दर आरंभीं पुरुषांहून कमी होता. 'मॉरिशसचा चमत्कार' म्हणून जे लेख निघाले त्यांत ही ओळ बहुधा नसते. २००५ मध्यें कापडाचा जागतिक कोटा संपला, गिरण्या बंद पडल्या, आणि घरीं बसल्या त्याहि याच बाया. पाठोपाठ युरोपनें साखरेचा भाव शेंकडा ३६ नीं उतरविला व २००९ सालीं जुना करारच संपविला. मजुरांना रोख रक्कम आणि जमिनीचा लहानसा तुकडा देऊन निवृत्त केलें. साखरेचे कारखाने आतां मोजून तीन उरले आहेत.

राजकारणाचें काय झालें? जहाजांत जात बुडाली असें आपण ऐकतों. पुरती बुडाली नाहीं, किनाऱ्याला लागतांच थोडी वर आली. उमेदवाऱ्या वाटतांना जात मोजतात, आणि पंतप्रधान कोणत्या जातीचा असावा याची कुजबुज चालते. १९६८ पासून आजवर पॉल बेरांझे यांचीं दोन वर्षें (२००३ ते २००५) सोडलीं तर तें पद रामगुलाम आणि जगन्नाथ या दोनच घराण्यांत फिरत आहे : बाप, मग मुलगा. आपल्याकडच्या साखरपट्ट्यांत हें कानाला ओळखीचें वाटावें. आणि गुलामांचे वंशज, ज्यांना तेथें क्रेओल म्हणतात, ते मागेंच राहिले. १९९९ च्या फेब्रुवारींत काया नांवाचा त्यांचा लाडका गवई पोलिसांच्या कोठडींत मेला आणि बेट तीन-चार दिवस पेटलें. त्यानंतर दहा वर्षांनीं गुलामगिरी व करारमजुरी यांच्या चौकशीसाठीं आयोग नेमला गेला.

एक गोष्ट सांगून मी खालीं बसतों. पोर्ट लुईला जेथें आपले लोक उतरले त्या धक्क्याच्या दगडी पायऱ्या जपून ठेवल्या आहेत. 'आप्रवासी घाट' म्हणतात त्याला, २००६ पासून तो जगाच्या वारशांत नोंदला आहे. गणेशचतुर्थीला तेथें सरकारी सुट्टी असते, शाळांतून मराठीहि शिकवितात. आणि ज्या गिरण्या तगल्या आहेत त्यांत आतां बांगलादेशचे मजूर आणतात. ठराविक वर्षांचा करार, राहण्याची सोय मालकाची, आणि कित्येकांच्या डोक्यावर गांवच्या दलालाला दिलेल्या पैशाचें कर्ज. ते जहाजानें येत नाहींत, विमानानें येतात. आणि ज्यांच्याकडे ते कामाला लागतात त्यांच्यापैकीं कित्येकांचे पणजे त्या पायऱ्या चढून आले होते.