रक्ताच्या थेंबाची साक्ष



छातींत दुखूं लागलें म्हणजे प्रत्येक वेळीं तो हृदयाचा झटकाच असतो, असें नाहीं. पित्त, स्नायूंचा ताण, फुफ्फुसाचा दाह, मनाची भीति, अशीं त्याचीं कारणें अनेक. रुग्णालयाच्या तातडीच्या विभागांत येणाऱ्या अशा रुग्णांपैकीं बहुतेकांचें हृदय सुरक्षितच असतें. परंतु ज्या थोड्यांचें तसें नसतें, त्यांना ओळखण्यांत चूक झाली तर ती प्राणावर बेतते. म्हणून वैद्यकाला एका भरंवशाच्या साक्षीदाराची गरज होती.

हृदयाचा स्नायु मेला म्हणजे त्यांतील द्रव्यें रक्तांत उतरतात, हें अमेरिकन संशोधकांनीं १९५४ सालीं दाखविलें. पण त्यांनीं मोजलेलें द्रव्य यकृतांतूनहि येत असल्यामुळें साक्ष संदिग्ध ठरे. पुढें १९६० नंतरच्या दशकांत जपानचे शास्त्रज्ञ सेत्सुरो एबाशी यांनीं ट्रोपोनिन शोधून काढलें. हृदयांतील ट्रोपोनिनची घडण इतर स्नायूंतल्याहून निराळी असते. तेव्हां तें रक्तांत वाढलें तर इजा हृदयालाच झाली, असें म्हणतां येतें. २००० सालीं युरोप-अमेरिकेंतील हृदयतज्ज्ञांच्या संस्थांनीं झटक्याच्या व्याख्येंतच या परीक्षेला मानाचें स्थान दिलें.

नमुना प्रयोगशाळेंत जाऊन उत्तर परत येण्यास तास सहज जातो. आतां हातांत मावणाऱ्या यंत्रांत रक्ताचे कांहीं थेंब घातले कीं सुमारें १० ते २० मिनिटांत खाटेशींच उत्तर मिळतें. यंत्रांतील प्रतिपिंडें ट्रोपोनिनला धरून ठेवतात, आणि किती धरलें गेलें तें यंत्र मोजतें.

परंतु ही साक्षहि जपून ऐकावी लागते. दुखणें सुरू झाल्यावर ट्रोपोनिन वाढण्यास कांहीं तास लागतात. म्हणून अगदीं आरंभीचें ‘नाहीं’ हें शेवटचें ‘नाहीं’ नव्हे. एक ते तीन तासांनीं पुन्हां रक्त तपासून आंकडा चढतो कीं स्थिर राहतो, हें पाहावें लागतें. उलट मूत्रपिंडाचा जुना विकार किंवा फुफ्फुसांत अडकलेली गुठळी यांतहि तो वाढलेला असूं शकतो. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, रुग्ण आल्यापासून १० मिनिटांत काढावयाच्या हृदयाच्या विद्युत्-आलेखांत रोहिणी बंद पडल्याची खूण स्पष्ट दिसली, तर रक्ताच्या उत्तराची वाट पाहत बसूं नये. ती रोहिणी उघडण्याचे उपचार तत्काळ झाले पाहिजेत.

मग आपण गृहस्थांनीं काय करावें? ओव्याचा अर्क देऊन सकाळ होण्याची वाट पाहूं नये. महाराष्ट्रांत १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. स्त्रिया, वृद्ध व मधुमेही यांना पुष्कळदां छातींत न दुखतां केवळ धाप लागते वा घाम सुटतो, हें ध्यानांत असावें. दुखणें किती वाजतां सुरू झालें, हें घड्याळ पाहून टिपून ठेवावें; कारण त्या वेळेवांचून आंकड्याचा अर्थ नीट लागत नाहीं. आणि पहिलें उत्तर चांगलें आलें म्हणून दुसऱ्या परीक्षेपूर्वी घरीं जाण्याचा आग्रह धरूं नये. यंत्र मिनिटांत उत्तर देतें खरें. पण घरांत दवडलेले तास तें परत देऊं शकत नाहीं.