लॅपटॉप, कूलर आणि तिसरी पिन

(गणेशोत्सवातील भाषणाचा संक्षेप)



लॅपटॉपवर बोलायला संगणकातला माणूस सोडून रेल्वेतला डिप्लोमावाला का उभा केला, असे काहींना वाटले असेल. व्हायरस आणि पासवर्ड यांविषयी तुमची मुलेच माझ्यापेक्षा जास्त सांगतील. मी बोलणार आहे ते वीज आणि उष्णता यांविषयी.

धातूच्या बॉडीचा लॅपटॉप चार्जिंगला लावून त्यावर मनगट टेकले की बारीक मुंग्या येतात. लॅपटॉप बिघडला, असे समजून लोक दुकानात धावतात. बहुतेक वेळा तो बिघडलेला नसतो. चार्जरमध्ये एक छोटा कपॅसिटर असतो, त्यातून अगदी सूक्ष्म प्रवाह पलीकडे झिरपतो. प्लगला जाड तिसरी पिन असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर तुमच्या अंगातून वाट काढतो. एवढ्याने सहसा इजा होत नाही. पण तीन पिनांची वायर लावूनही मुंग्या आल्या, तर घराचे अर्थिंग गेले असावे असा संशय जरूर घ्यावा.

कारण त्याच अर्थिंगवर तुमचा कूलर चालतो. पत्र्याची बॉडी, आत पाणी, खाली ओली फरशी. कूलरला हात लागून जीव गेल्याच्या बातम्या आपण इथे उन्हाळ्यात वाचतोच. लॅपटॉपने दिलेली सूचना म्हणूनच मोलाची.

कोकणात जमिनीलाच ओल असते. जयपूरच्या रेताड जमिनीला ती आपण द्यावी लागते. मे-जूनमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला की तार असूनही नसल्यासारखी. रेल्वेत अशा खड्ड्यापाशी तपासणीची तारीख आणि किती ओहम भरले ते रंगवून ठेवतात. आपल्या सोसायटीच्या खड्ड्यावर बहुधा तुळशीची कुंडी असते! वायरमनकडून अर्थिंग मोजून घ्या, खड्ड्यात पाणी घाला, आणि बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर बसवा. सॉकेटमध्ये जात नाही म्हणून तिसरी पिन कापणाऱ्याला तर घरात घेऊच नये.

आता उष्णता. थंडीत जयपुरी रजईत बसून लॅपटॉप चालवण्याचे सुख मी नाकारत नाही, पण त्याची हवेची भोके खालच्या बाजूला असतात आणि रजई ती बंद करते. मांडीवर रोज तासन् तास ठेवला तर कातडीवर जाळीसारखे डाग पडतात. काश्मीरमध्ये कांगडीने पडतात, तसेच. बॅटरी लिथियमची असते, तिला उष्णता सोसत नाही. ऑगस्ट २००६ मध्ये डेल कंपनीने सोनीच्या सुमारे ४१ लाख बॅटऱ्या आगीच्या धोक्यामुळे परत मागवल्या होत्या. झाकण नीट बसेना किंवा टचपॅड वर उचलला गेला, तर बॅटरी फुगली आहे असे समजा. चार्जिंग तिथेच थांबवा. ती टोचू नका, दाबू नका, कचऱ्यात टाकू नका.

पुण्याच्या गाडीने जाणाऱ्यांसाठी एक. डब्यातल्या चार्जिंग पॉइंटला सहसा ११० व्होल्ट असतात. चार्जरवर १०० ते २४० लिहिले असेल तर चिंता नाही. पण आगीच्या भीतीने रात्री ११ ते पहाटे ५ हे पॉइंट बंद ठेवण्याचा निर्णय २०२१ मध्ये जाहीर झाला. तेव्हा लॅपटॉप संध्याकाळीच चार्ज करा आणि झोपताना तो उशीखाली चालू ठेवू नका.