चिंचोके, माती आणि हजारीचा हिशेब



विडी कामगारांच्या मजुरीवर बोलायचे असते तर आम्हांला दोन तासही पुरले नसते. पण आजचा विषय तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे खेळ आणि चित्रकाम हा आहे, आणि आमचे स्वतःचे शिक्षण सातवीत थांबले. पुढे जे वाचले ते संघटनेच्या कचेरीत, रात्री. तेव्हा चुकले तर पदरात घ्यावे.

सोलापुरात विडी बहुतेक घरीच वळली जाते. बाई कारखान्यातून पाने-तंबाखू आणते, मांडीवर सूप घेऊन बसते, आणि शेजारी तिचे पोर त्याच धुळीत खेळते. 1948 च्या कारखाने कायद्याने पाळणाघर सक्तीचे केले; त्यासाठी लागणारी स्त्री-कामगारांची संख्या 1976 साली 50 वरून 30 वर आणली. पण जिचे घर हाच कारखाना, तिला ते कलम काय कामाचे? हा सवाल बायकांनीच भर सभेत केला. आमच्याकडे उत्तर नव्हते. जवळची अंगणवाडीही मोठ्या रस्त्यापलीकडे. मग कचेरीची पुढची खोली रोज सकाळी तीन तास मुलांना दिली.

पहिले वर्ष आम्ही वाया घालवले. आम्हांला हिशेब ठाऊक तो हजारीचा: हजार विड्या, अमुक मजुरी. मुलांकडूनही आम्ही मालच मागितला. रोज पाटीभर अ-आ, उजळणी, आणि ती आयांना दाखवायची. पोरे गळू लागली. एक मुलगी तर उंबऱ्यातच आईचा पदर धरून बसे. बालवाडीच्या ताई विडी कामगाराच्याच कन्या; त्या एके दिवशी म्हणाल्या, "अण्णा, तुम्ही ह्यांनापण वळायलाच बसवलंत." संपात लाठी खाल्ली आहे, पण हे वाक्य जास्त लागले.

मग वाचायला घेतले. माँटेसरीबाईंचे पहिले बालगृह 1907 साली रोममध्ये निघाले ते श्रमिकांच्या वस्तीत, हे आम्हांला तेव्हा कळले; आम्ही ते बड्या लोकांचे खूळ समजत होतो! आणि आपल्या ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला व 1957 पासून कोसबाडला तेच काम आदिवासी मुलांत नेले, तेही महागड्या साधनांवाचून. खडे, शिंपले, पाने, फुले यांवर. आमच्या खिशाला परवडणारे शास्त्र हेच.

आता खोलीत काय चालते ते सांगतो. चिंचोके आणि बाटल्यांची बुचे वेगळी करणे, लहान-मोठे लावणे. गणिताची सुरुवात तेथेच होते. (तीनच्या आतल्यांना चिंचोके देऊ नयेत, ते नाकात घालतात. गुंजा तर कोणालाच नको, त्या विषारी.) चिकणमाती मळणे, तिच्या गोळ्या, भाकऱ्या, साप. पुढे ज्या चिमटीत पेन्सिल धरायची ती चिमूट मातीतच तयार होते. पाटी आधी देणे म्हणजे उलटा कारभार. भेंडी आडवी कापून तिचे ठसे उठवले की पाकळ्यांचे फूल दिसते. हळदीच्या पाण्यात ताई चुन्याची निवळी टाकतात आणि पिवळे पाणी लाल होते. चुना मात्र मुलांच्या हाती देत नाहीत. कागद म्हणाल तर आमची जुनी पाठकोरी हँडबिले. मागण्यांचा असा उपयोग होईल असे वाटले नव्हते!

अवघड एवढेच, की मोठ्यांनी हात आवरावा. एका पोराने वर्तुळाभोवती दहापंधरा रेघा ओढल्या. आम्ही म्हणालो, "सूर्य छान काढलास." ताईंनी डोळ्यांनी गप्प केले आणि त्याला विचारले, "सांग की, काय काय काढलंस?" तो म्हणाला, "आई हाय. हात लई हायेत, म्हंजे विड्या लवकर संपत्यात."

ती मुलगी आता उंबरा ओलांडते. अक्षर अजून एकही काढत नाही आणि तिची आई आमच्याशी त्यावरून भांडते. तिची घाई आम्हांला कळते, तिला मुलगी सुपापासून लवकर सोडवायची आहे. ताईंचे मानधन वर्गणीतून जाते, यावरही काही सभासद नाराज आहेत. येत्या सर्वसाधारण सभेत तो ठराव पुन्हा यायचा आहे. विरोध करणाऱ्यांना आम्ही एवढेच सांगितले आहे, की मत देण्याआधी एक सकाळ खोलीत येऊन बसा. माती भिजवून ठेवतो.