हजेरीपत्रक मिटल्यावर



सरकारने एखाद्या वर्षी अमुक इतके कोटी रुपये कामांवर खर्ची घातले, हे खजिन्याच्या जमाखर्चावरून कोणासही सांगता येईल. परंतु त्या रुपयांनी राज्याच्या अर्थजीवनात नेमके काय घडविले हे ज्यास जाणून घ्यावयाचे असेल, त्याला रुपया तिजोरीतून निघाल्यावर ज्या वाटेने गेला त्या वाटेने स्वतः चालून पाहावे लागते. महाराष्ट्रात हा प्रश्न निव्वळ पोथीतला नाही. १९७२ च्या भीषण दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात, म्हणजे मे १९७३ मध्ये, सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडीत आणि माती वाहत होती, आणि वि. स. पागे यांनी १९६५ साली तासगाव तालुक्यातील प्रयोगापासून ज्या ‘मागेल त्याला काम’ या तत्त्वाचा ध्यास घेतला होता, ते १९७७ च्या रोजगार हमी अधिनियमाने कायद्यात उतरून २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आले.

या खर्चाचे मोजमाप सामान्यतः मनुष्यदिवसांत होते. हजेरीपत्रकावर अंगठे उठले, मोजमाप पुस्तिकेत घनमीटर चढले, की कचेरीच्या दृष्टीने काम पुरे झाले. खरी हकीकत मात्र तेथून सुरू होते. मजुरी हाती पडताच बाई प्रथम वाण्याची मागील उधारी फेडते, उरलेल्या पैशांत आठवडे बाजारातून ज्वारी, तेल, मीठ घेते; वाणी तोच पैसा बार्शीच्या वा लातूरच्या अडत्याकडे पोचवितो; आणि अडत्याकडून तो हमालाकडे, मालमोटारवाल्याकडे, दुसऱ्या तालुक्यातील शेतकऱ्याकडे जातो. गावाच्या शिवेपुरते पाहणाऱ्यास वाटेल की पैसा आठ दिवसांत नाहीसा झाला. जिल्ह्याचा हिशेब मांडणाऱ्यास तो निम्मा सापडेल. राज्याचा मांडणाऱ्यास त्याहून अधिक. एका माणसाचा खर्च ही दुसऱ्याची मिळकत होते आणि ही साखळी मूळ रकमेच्या कितीतरी पट लांबते, हे अर्थशास्त्रज्ञ काह्न यांनी १९३१ साली आणि केन्स यांनी १९३६ साली सिद्धांतरूपाने मांडले. परंतु ती साखळी कोणत्या सीमेपाशी तोडून मोजावयाची, हे ठरविल्यावाचून उत्तर मिळत नाही.

आणखी एक वजाबाकी विसरून चालणार नाही. रोजगार हमी योजनेसाठी १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला. म्हणजे मुंबईतील पगारदाराच्या वेतनातून कापलेला रुपया मराठवाड्यातील बांधावर मजुरी होऊन पोचला. राज्याच्या दृष्टीने हा सारा पैसा नवा नव्हे. पगारदाराने त्याचे जे केले असते, ते लाभातून वजा केले पाहिजे. तरीही शिल्लक राहते, असे माझे ठाम मत आहे. कारण पगारदार त्यातला काही भाग पेढीत ठेवतो, तर ज्याच्या घरी चूल पेटण्याची पंचाईत आहे तो जवळजवळ सगळाच्या सगळा खर्च करतो.

पण मजुरीहून दीर्घायुषी परिणाम पाझर तलावांत आणि नाल्यांच्या बांधांत दडलेला असतो, आणि तो पाहावयास पद्धती लागते. ती आपल्याकडे फार पूर्वी दाखवून दिली गेली आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांची जी पाहणी केली, तिचा अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. कालव्याखालील शेती आणि कोरडवाहू शेती शेजारी शेजारी ठेवून, खर्च झाला नसता तर काय झाले असते, याचा अंदाज त्यांनी जमिनीवरच शोधला. तीच दृष्टी रोजगार हमीच्या कामांना लावणे मुळीच अवघड नाही. तलाठ्याच्या सात-बाऱ्यावर पिकांची आणि पाण्याच्या साधनांची नोंद असते. तलावाखालच्या गट क्रमांकांची तलावापूर्वीची व नंतरची नोंद, आणि तलाव नसलेल्या शेजारच्या गावाची तीच नोंद, एवढे जुळविले तरी बरेच उमजेल.

असे जुळविताना एक क्लेशदायक गोष्ट डोळ्यांपुढे येते. तलावाची माती वाहणारे पुष्कळसे भूमिहीन. पाझरून आलेले पाणी मात्र ज्यांची विहीर खालच्या अंगाला आहे त्यांचे. राज्याच्या उत्पन्नाच्या एकूण आकड्यात हा भेद दिसत नाही, म्हणून केवळ त्या आकड्यावर समाधान मानण्यास माझे मन तयार होत नाही.

माझी शासनास एवढीच विनंती आहे की, काम संपून हजेरीपत्रक मिटले म्हणजे दप्तर बांधून टाकू नये. तीन पावसाळे गेल्यावर कोणी कर्मचाऱ्याने त्याच तलावावर जावे, खालच्या विहिरींची पातळी मोजावी, आणि त्या हजेरीपत्रकातील बायाबापड्यांना विचारावे की, यंदा सुगी संपल्यावर तुम्ही गावातच होता, की पोटासाठी परगावी.