पाकिटावरची लाल रेघ



मी डॉक्टर नाही, संगणकवाली. तरी अँटिबायोटिकवर बोलते, कारण आपल्या बॅचमधल्या काहींची वाशिम, रिसोड, कारंज्यात मेडिकल दुकानं आहेत आणि बाकीचे आपण त्यांची गिऱ्हाइकं. ‘ताप आहे, लाल रेघवाल्या दोन गोळ्या द्या,’ असं चिठ्ठीशिवाय सर्रास मागतो. ती रेघच सांगते, चिठ्ठीशिवाय घेऊ नका!

साधी सर्दी विषाणूंची. तिथे अँटिबायोटिक चालतच नाही. उगाच घेतलं की साधे जंतू मरतात, चिवट उरतात. दवाखान्यात तेच न धुतलेल्या हातांनी एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातात. सिझेरियन, हाडाचं ऑपरेशन, केमोथेरपी, सगळं औषध लागू पडेल या भरवशावर चालतं.

१ मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-१ लागू आहे. त्यातलं औषध विकताना डॉक्टर, रुग्ण, औषध आणि नग वेगळ्या वहीत लिहायचे, वही तीन वर्षं जपायची. आमच्या धंद्यात याला लॉग म्हणतात; बिघाड कुठून सुरू झाला ते त्यातच सापडतं. मला तर कायद्यातली ही सर्वांत शहाणी गोष्ट वाटते.

मेडिकलवाल्यांनो, जेवणानंतर भेटा. वहीची संगणकावर नक्कल हवी असेल तर मी बसवून देते. फुकट!