युरोपीय पार्लमेंटांतील विरोधक

विधिमंडळांतील विरोधी पक्षाला एक आशा सदैव जिवंत ठेवीत असते. आज ना उद्यां लोकमत फिरेल आणि समोरच्या बाकांवर बसण्याची पाळी आपली येईल, ही ती आशा. युरोपीय पार्लमेंटांत तिला आधार नाहीं. तेथें २७ राष्ट्रांचे ७२० सभासद बसतात. पण कायद्याचा मसुदा मांडण्याचा अधिकार बहुतांशीं युरोपीय आयोगाकडे आहे, आणि हा आयोग म्हणजे बहुमतवाल्या पक्षाचें मंत्रिमंडळ नव्हे. जेथें एक सरकार पाडून आपलें सरकार बसवितां येत नाहीं, तेथें विरोध धोरणापुरता राहत नाहीं. तो सहजच सभागृहाच्या अस्तित्वावर जाऊन पोंचतो. ज्यांना युरोपीय संघच नको, असे पक्ष त्याच्या पार्लमेंटांत दिसतात, याचें हें एक कारण होय.

हा प्रकार नवा नाहीं. १९७९ च्या जूनमध्यें पहिली प्रत्यक्ष निवडणूक झाली, तेव्हांच डेन्मार्कच्या १६ जागांपैकीं ४ जागा युरोपीय समुदायाच्या विरोधांतील लोकचळवळीनें जिंकल्या होत्या.

अशा सभासदापुढें पहिल्याच दिवशीं पेंच उभा राहतो. बोलण्याचा वेळ, नोकरवर्ग, पैसा हें सारें गटांच्या हिशोबानें वांटलें जातें, आणि आज गट स्थापण्यास किमान ७ राष्ट्रांतील २३ सभासद लागतात. म्हणजे राष्ट्रांच्या संघावर ज्यांचा विश्वास नाहीं, त्यांनीं आधीं राष्ट्रांचा एक लहानसा संघच उभारावयाचा! तो टिकविणें सोपें नाहीं. २००७ च्या जानेवारींत अस्मिता, परंपरा व सार्वभौमत्व या नांवानें असा गट निघाला. नोव्हेंबरांत त्यांतील इटलीच्या अलेस्सांद्रा मुस्सोलिनी यांनीं रुमानियन लोकांविषयीं अपमानास्पद उद्गार काढले. गटांतील रुमानियाचे ५ सभासद बाहेर पडले, संख्या त्या वेळच्या २० च्या मर्यादेखालीं गेली आणि गट संपला.

विरोधकांना दोन वाटा असतात. एक वाट वक्तृत्वाची. ब्रिटनचे नायजेल फराज १९९९ पासून २०२० पर्यंत सभासद होते. २०१० सालीं युरोपीय परिषदेचे अध्यक्ष व्हान रॉम्पुय यांची त्यांनीं भर सभेंत निर्भर्त्सना केली, तेव्हां त्यांचा दहा दिवसांचा भत्ता कापण्यांत आला. पण त्यांचा खरा श्रोता सभागृहांत नव्हताच. तो ब्रिटनमधील मतदार होता. त्यांच्या पक्षाच्या १९९९ मधील ३ जागा २०१४ सालीं २४ झाल्या, आणि २०१६ च्या सार्वमतानंतर ब्रिटन संघांतून बाहेर पडलें.

दुसरी वाट कामाची. डेन्मार्कचे येन्स-पेटर बोंडे १९७९ सालीं विरोधक म्हणूनच आले व २००८ पर्यंत राहिले. संघाचीं कागदपत्रें लोकांस खुलीं व्हावीं म्हणून ते वर्षानुवर्षें झटले. संघाच्या घटनेचा मसुदा तयार करणाऱ्या २००२-०३ च्या अधिवेशनांतही त्यांनीं भाग घेतला. घराचीं दारें उघडावयास लावणारा हा विरोध होता. परंतु कामाचें फळ मतपेटींत दिसतेंच असें नाहीं: त्यांच्या जून चळवळीची उरलेली जागाही २००९ सालीं गेली.

बहुमताच्या वर्तनाचाही येथें विचार केला पाहिजे. २०२४ च्या जुलैमध्यें ‘युरोपचे देशभक्त’ हा ८४ सभासदांचा गट संख्येनें तिसरा असतांही त्याला ना एकही उपाध्यक्षपद मिळालें, ना एखाद्या समितीचें अध्यक्षपद. ज्यांना घरच नको त्यांच्या हातीं किल्ल्या कशाला, असा बहुमताचा युक्तिवाद होता. त्यांत तथ्य आहे. परंतु त्या ८४ जणांमागें लाखों मतदार आहेत. ‘तेथें आमचें कोणी ऐकत नाहीं’ ही त्यांची तक्रार अशानें खरी ठरते, आणि गर्जना करणाऱ्याला आयतेंच बळ मिळतें.

२०२५ च्या जुलैमध्यें, प्रामुख्यानें करोनाच्या लसखरेदीसंबंधींचे संदेश उघड न केल्यावरून, उजव्या बाजूच्या विरोधकांनीं आयोगावर अविश्वासाचा ठराव आणला. बाजूनें १७५ व विरुद्ध ३६० मतें पडून तो फेटाळला गेला. तरीही आयोगाच्या अध्यक्षा उर्सुला फॉन डेर लायेन यांना सभागृहांत येऊन उत्तर द्यावें लागलें. विरोधकांच्या हातचें हें हत्यार त्या सभागृहाच्याच नियमांनीं दिलेलें होतें. कायदा बदलण्याचा आणि जाब विचारण्याचा खरा वाव ज्याला मिळतो, त्याला सभागृह मोडावयास निघण्याचें कारण कमी उरतें; आणि हा वाव किती ठेवावयाचा, हें ठरविणें मुख्यतः बहुमताच्याच हातीं असतें.