टोपी, परसबाग आणि घर



फाल्गुन लागला की पुष्कळ जणी सुया कपाटात ठेवतात. थंडी संपली, आता लोकर कशाला? पण पाड्यांवर बाळे बारा महिने जन्मतात. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ उन्हाळ्यातही लवकर गार पडते, आणि उघड्या डोक्यावाटे बरीच ऊब जाते. म्हणून टोपी आताही हवी.

वेळ कुठून आणायचा, असे तुम्ही विचाराल. माझ्याकडे भेंडी-गवार लावण्याचे हेच दिवस, आणि मुलांच्या परीक्षाही याच दिवसांत. मी पहाटे आळ्यांत पाणी घालते, वर वाळलेला पाला पसरते. ओल टिकते, संध्याकाळची खेप वाचते. त्या वेळात मुलगी धडा म्हणून दाखवते आणि मी टाके घालते. उन्हाळ्यात मोठा स्वेटर मांडीवर नको. टोपी चार-पाच बैठकांत उरकते. जेवणाच्या वेळी मात्र सुया खाली. घरच्यांना ताटकळत ठेवून केलेली सेवा घरच्यांच्या मनातून उतरते.

पावसाळ्यात नाले भरले की पाड्यांच्या वाटा बंद होतात. तेव्हा टोप्या मेअखेरपर्यंत पोचवा. लोकर मऊ घ्या, गोंडा लावू नका, आणि एकदा धुऊन द्या.